मापाची काडतुसं

मार्लिस ओस्टबी कुठलीही वस्तू काउंटरवर नुसती ठेवत नसे, मांडत असे. त्या दिवशीही तिने बुटाच्या खोक्यातून एकेक गोष्ट काढली, फडक्याने पुसली आणि विल्मर लिंडक्विस्टसमोर ओळीने लावली. काडतुसाच्या पुंगळीची मान आवळायचा पोलादी साचा, म्हणजे डाय, गोळी बसवायची डाय, पुंगळीचं बूड धरून ठेवणारी चकती, दारू ओतायचं हिरवं नरसाळं, पितळेची कड घासायचं ते टोकयंत्रासारखं दिसणारं हत्यार. वजनाचा काटा तिने मफलरमध्ये गुंडाळून आणला होता, तान्ह्या बाळाला आणावं तसा.

विल्मरने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "माझ्या शेजारी दुकान थाटतेस की काय?"

"विकायचंय सगळं. दाबायच्या प्रेससकट. प्रेस टेबलाला घट्ट बसवलेली आहे, ज्याला हवी त्याने येऊन सोडवून न्यावी. तू फक्त तुझ्या फळ्यावर चिठ्ठी लाव."

ड्राय फोर्क गावात हार्डवेअरचं दुकान हे एकच. पुढे खिळे, कुंपणाची तार आणि कोंबड्यांचं खाद्य, आणि मागच्या भिंतीला काडतुसं घरी भरणाऱ्यांचं सामान. मोंटानाच्या त्या भागात बाकीच्या दुकानांत मंदी असली तरी ऑक्टोबरात या मागच्या भिंतीपाशी उभं राहायला जागा नसते. हरणांचा हंगाम तोंडावर असतो.

"पोरगा काय म्हणतो, कोल्टर?" विल्मरने विचारलं.

"तो काय म्हणणार? तो तिकडे विलिस्टनला, तेलाच्या विहिरीवर. विकतची काडतुसं वापरतो म्हणे."

"कोण म्हणे?"

"मीच म्हणे," मार्लिस म्हणाली आणि फडक्याची घडी घातली.

विल्मर हसला नाही. पंच्याहत्तरी उलटलेला हा माणूस एरवी प्रेतयात्रेतही विनोद करायचा. त्याने डाय एकेक करून उचलली, उजेडात धरली, आतून बघितली. मग म्हणाला, "सेट अर्धा आहे. अख्खी पुंगळी आवळायची डाय कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये. घशात पुंगळी अडकलेली."

"अजून?"

"अजून."

"देवा रे," विल्मर म्हणाला. "मला वाटलं होतं, तू केव्हाच ती काढली असशील."

त्या अडकलेल्या पुंगळीपासूनच सगळं सुरू झालं होतं, असं मार्लिसला पुढे अनेकदा वाटलं. खरं तर सुरुवात त्याच्याही आधीची होती.

तिचा नवरा आर्लो काउंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवायचा. उन्हाळ्यात खडी सारखी करायची, हिवाळ्यात बर्फ बाजूला लोटायचा. एका वसंतात तो त्या यंत्रातच बसल्या जागी गेला. इंजिन सुरूच होतं. मागून दुधाची गाडी आली, ड्रायव्हरने बराच वेळ भोंगा वाजवला, मग उतरून बघितलं. कोल्टर तेव्हा दहा वर्षांचा होता. आर्लोच्या मागे राहिलं ते घर, एक म्हातारा कुत्रा आणि भिंतीवर टांगलेली त्याची रायफल. जुन्या, खांद्याला मऊ धक्का देणाऱ्या काडतुसाची. टू-फिफ्टी-सेव्हन रॉबर्ट्स. आता फार कुणी वापरत नाही ती.

मार्लिस बोझमनच्या कॉलेजातून गृहशास्त्र शिकून आलेली. गावच्या शाळेत ती शिवण आणि स्वयंपाक शिकवायची. बंदुकांचं तिला प्रेम नव्हतं, पण ड्राय फोर्कमध्ये मुलगा बारा वर्षांचा झाला की बंदुकीचा वर्ग करतो आणि त्याच शरदात पहिलं हरीण घरी आणतो. नाही आणलं तर कुणी काही बोलत नाही. विचारतात मात्र सगळे.

आर्लोने स्वतः भरून ठेवलेली थोडी काडतुसं कपाटात होती. कोल्टरने ती गावाबाहेरच्या टेकडीपाशी उडवून बघितली आणि संध्याकाळी शर्ट काढला तर खांदा काळानिळा. आर्लो दणकट माणूस, त्याच्या काडतुसांतला दारूचा भारही दणकट. मार्लिसने मुलाच्या खांद्याला मलम चोळलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तडक विल्मरकडे आली.

"मला हलकी काडतुसं भरायला शिकव," ती म्हणाली. "पोराचा खांदा निखळायचा नाही अशी."

"आयुष्यात बंदूक उडवलीयस का कधी?"

"केक केलेत. मोजून-मापून करायचं ते मला जमतं."

आणि तिला खरंच जमलं. नुसतं जमलं नाही, तिचा जीव त्यात अडकला. विधवा बाईला रात्रंदिवस जी भीती खात असते, की आता याला काही झालं तर, त्या भीतीला करायला काहीतरी काम मिळालं. ती प्रत्येक माप दोनदा तोलायची. टेबलावर दारूचा एका वेळी एकच डबा, हा विल्मरने सांगितलेला नियम. त्यावर तिने स्वतःचे रचले: दार लावलेलं, रेडिओ बंद, फोन उचलायचा नाही, आणि टेबलापासून चार पावलांवर जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली. कोल्टरने त्या पट्टीच्या अलीकडे यायचं नाही.

"आई, मी नुसत्या पुंगळ्या पुसू?"

"तिथूनच बघ."

"फडकं तरी धरतो."

"कोल्टर, माझं लक्ष गेलं तर चूक होईल. आणि चूक झाली तर तुझ्या तोंडाशी होईल. तिथूनच बघ."

मग तो पट्टीला बुटांची टोकं लावून उभा राहायचा. पुढेपुढे कंटाळून निघून जायला लागला.

पहिल्याच महिन्यात ती पुंगळी अडकली. अख्ख्या पुंगळीला आवळून पुन्हा मूळ मापावर आणणारी डाय असते, तिच्यात घालण्याआधी पुंगळीला तेलाचं बोट लावावं लागतं. मार्लिसचं एका पुंगळीला राहून गेलं. दांडा खाली गेला तो वर येईना. जोर लावला तर पुंगळीचं बूड फाटून हातात आलं आणि बाकीचं पितळ डायच्या घशात राहिलं. ती रडकुंडीला येऊन विल्मरकडे गेली.

"होतं असं," विल्मर म्हणाला. "प्रत्येकाचं एकदा होतं. काढायचं सामान आहे माझ्याकडे, देतो. किंवा असं कर, ही घे, नुसती मान आवळायची डाय. हिला तेल लागत नाही. पुंगळीचं पोट आहे तसं राहू देते, फक्त गोळी धरायची मान घट्ट करते."

"मग पोट?"

"ते एकदा उडाल्यावर त्या रायफलीच्या आत फुगून तिच्याच मापाचं झालेलं असतं ना. शिंप्याने अंगावर बेतलेल्या कोटासारखं. नेमही सुधारतो, पितळही जास्त टिकतं. फक्त एक आहे, मग ती काडतुसं त्या एकाच रायफलीला चालतात. दुसरीत जातील किंवा अडतील, भरवसा नाही."

विल्मरला वाटलं होतं, हे ऐकून ती विचार करेल. मार्लिसला तर तेच सगळ्यात आवडलं. शाळेतली पोरं एकमेकांची काडतुसं उसनी घेतात, खिशात भलतीसलती मिसळतात, हे तिने ऐकलं होतं. आपण भरलेली काडतुसं आपल्याच मुलाच्या रायफलीला बसतील, जगात दुसऱ्या कुठल्याही नाही, यात तिला मोठा दिलासा वाटला. तिने ती डाय घेतली. अडकलेली तशीच ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढची कितीतरी वर्षं शरद आला की तेच. आई भरायची, मुलगा उडवायचा, आणि रिकाम्या पुंगळ्या खिशातून परत आणायचा. ज्या घरी काडतुसं भरतात त्या घरची पोरं पुंगळी रानात टाकून येत नाहीत. बर्फात पडली तरी गुडघ्यावर बसून शोधतात. कोल्टर स्वयंपाकघराच्या टेबलावर खिसा उलटा करायचा, पुंगळ्या खणखणत पडायच्या, त्यांना जळक्या दारूचा आणि सेजच्या झुडपांचा वास असायचा. मार्लिस एकेक उलटी करून बघायची. आर्लोच्या रायफलीची, पुंगळीच्या बुडातल्या टोपीवर आपटणारी सुई जरा वाकडी होती. तिचा ठसा टोपीच्या बरोबर मध्ये न उमटता किंचित एका बाजूला उमटायचा. तो सरकलेला खड्डा दिसला की तिला बरं वाटायचं. आपलीच आहे.

आता विल्मरच्या काउंटरवर ते सगळं सामान ओळीने पडलं होतं आणि विल्मर मान खाली घालून चकतीशी खेळत होता.

"तुमचं मायलेकांचं त्या दिवशी नेमकं काय झालं गं?" त्याने विचारलं. "गावात दहा जण दहा तऱ्हेने सांगतात."

"काय व्हायचं? हंगामाचा पहिला दिवस. पहाटे माझी काडतुसं घेऊन गेला, दुपारी हात हलवत आला."

ती दुपार तिला काल घडल्यासारखी लख्ख दिसत होती. कोल्टर तेव्हा बावीस वर्षांचा, गावातच गॅरेजमध्ये कामाला. दारात बूट झटकत तो हसत होता. खरंच हसत होता, हे तिला नंतर आठवलं. खांद्यावरची रायफल उतरवून त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आई, तुझी काडतुसं रुसली. आत जातात, पण मागून बंद करायचा बोल्टच मिटत नाही. एवढा मोठा नर समोर उभा होता, आणि मी आपला खटखट करतोय. शेवटी कंटाळून तोच निघून गेला."

मार्लिसने हे काही ऐकलंच नव्हतं. ती टेबलावरच्या रायफलीकडे बघत होती. नवी, गडद लाकडाची, परकी.

"ही कुणाची?"

"माझी. तेच तर सांगतोय. मला तुला..."

"बाबाची कुठाय?"

"बदल्यात दिली."

"विकलीस?"

"विकली नाही, आई. बदल्यात दिली. बघ ना जरा ही, हातात तरी घे."

"तुझ्या बापाची होती ती. विकायला तुझी नव्हती."

कोल्टरचं हसू गेलं. तो टेबलापासून एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "मग माझं काय आहे, आई? या घरात माझ्या मापाचं काही आहे का?"

"तुझ्या मापाचं?" मार्लिसचा आवाज चढला. "बारा वर्षांचा होतास तेव्हापासून एकेक दाणा तोलून भरतेय तुझ्यासाठी. आणखी काय मापाचं हवं तुला?"

"माझ्यासाठी नाही. त्या रायफलीसाठी," कोल्टर म्हणाला. त्याने टेबलावरची रायफल उचलली आणि बाहेर गेला. नाताळ उलटायच्या आत तो विलिस्टनला गेला. तेलाच्या विहिरींवर तेव्हा माणसं हवीच होती. दोन हंगाम तो घरी आला नाही. रविवारी फोन यायचा. रस्ते कसे आहेत, थंडी किती आहे, ट्रकची बॅटरी बदललीस का. दोघंही बर्फाबद्दल इतकं बोलायचे की जणू दोघांनाही काउंटीची नोकरी होती.

सांगून झाल्यावर मार्लिसने काट्यावरचा मफलर सरळ केला. विल्मरने हातातली चकती खाली ठेवली. मग काउंटरमागून बाहेर आला आणि म्हणाला, "ती रायफल तू हातात घेतली होतीस का?"

"नाही. कशाला घेऊ?"

"नीट बघितली तरी होतीस?"

"काय बघायचं होतं तिच्यात?"

विल्मरने भिंतीवरची एक साधी रायफल उतरवली, बोल्ट मागे ओढून आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, मार्लिसलाही दाखवलं. "धर. भिंतीकडे तोंड कर. नाही, डाव्या खांद्याला लाव. डाव्या. असं. आता गाल लाकडावर टेक, डाव्या हाताचं बोट घोड्याशी. समज, एक गोळी उडाली. आता दुसरी आत घे."

मार्लिसने बोल्टची मूठ शोधली. मूठ पलीकडच्या बाजूला होती. डावा हात घोड्यावरून काढून, रायफलीच्या वरून पलीकडे नेऊन मूठ ओढावी तर नाकावर कोपर येत होतं. गाल सुटला, नळी भिंतीवरून छताकडे गेली. तिने परत प्रयत्न केला. परत तसंच.

"अवघडच आहे हे," ती म्हणाली.

"पोराने दहा वर्षं केलं ते."

मार्लिसने रायफल खाली घेतली. विल्मरला वाटलं, तिला कळलं नाही, म्हणून तो पुढे बोलला, "डावखुरा आहे तो, मार्लिस."

"मला माहितेय माझा मुलगा डावखुरा आहे," ती फाडकन म्हणाली. मग तिथल्या खिळ्यांच्या पिंपावर बसली.

तिला माहीत होतंच. जेवताना तो तिच्या डावीकडे बसायचा, म्हणजे कोपराला कोपर लागायला नको. शाळेतल्या तिच्या कपाटात डावखुऱ्या मुलींसाठी वेगळ्या कात्र्या होत्या. एका वर्षी मुख्याध्यापक म्हणाले होते, हे काय चोचले, सगळ्या मुली एकाच कात्रीने कापतात. तर ती त्यांच्याशी भांडली होती. म्हणाली होती, चुकीच्या हाताची कात्री दिली तर मुलीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. तिचेच शब्द. आणि तो काळानिळा खांदा? तिने स्वतःच्या बोटांनी त्याला मलम चोळलं होतं. डावा खांदा होता. ती बोटं भाराचा विचार करत होती, धक्क्याचा विचार करत होती, आर्लोचा करत होती. खांदा कुठला, हे त्यांना दिसलंच नव्हतं.

"त्याने दोन वर्षं माझा पिच्छा पुरवला," विल्मर सांगत होता. "विल्मर, डाव्या हाताची रायफल शोध. मी म्हटलं, बाबा रे, शेकड्याने आहेत, हे बघ पुस्तक, कुठलीही मागव, पुढच्या आठवड्यात येईल. तर म्हणे नाही, टू-फिफ्टी-सेव्हन रॉबर्ट्सच हवी. मी म्हटलं, वेड लागलं काय? त्या म्हाताऱ्या काडतुसात डाव्या हाताची कुणी बनवत नाही. नवीन घे, चांगली घे. सगळे तीच घेतात."

"मग?"

"मग काय? म्हणाला, नको. आईकडे डाय आहेत त्याच्या."

दुकानात कुणीतरी आलं, दारावरची घंटा वाजली. "थांब रे जरा," विल्मर तिकडे न बघताच ओरडला.

"शेवटी वायोमिंगमध्ये एकाकडे सापडली," तो म्हणाला. "कुणीतरी हाताने बनवून घेतलेली. तुझ्या आर्लोची दिली, वर उन्हाळाभर माझ्या गोदामाचं छप्पर नीट केलं. नेम इथेच मागे विकतच्या काडतुसांनी साधला. मला शपथ घातली, आईला सांगायचं नाही. पहिलं हरीण तिच्या काडतुसाने पाडणार आणि मग दाखवणार. आता त्याला काय ठाऊक मानेची डाय काय आणि पोटाची काय. त्याला कधी टेबलाजवळ येऊ दिलंयस तू? आणि माझ्याही डोक्यात नाही आलं. माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ती डाय मीच तुझ्या हातात दिली होती."

"मला का नाही सांगितलंस? दोन वर्षं?"

"मला वाटलं त्याने सांगितलं असेल. कुठला पोरगा सांगणार नाही?"

मार्लिसने मान हलवली. तो सांगतच होता. मला तुला, इथवर आला होता. बघ ना जरा, म्हणाला होता.

"आर्लोची रायफल कुठाय आता?" तिने विचारलं.

"गेली गं. त्याच शरदात एक वाटसरू घेऊन गेला. नावही आठवत नाही."

ती मग उठली, डोळे त्याच फडक्याने पुसले, आणि मागच्या भिंतीपाशी गेली. डायचे खोके आडनावांच्या पाट्यांसारखे ओळीने लावलेले होते. विल्मर तिच्यामागे आला. आता तो पुन्हा दुकानदार झाला, कदाचित तिच्यासाठीच.

"या दोन आहेत तुझ्या मापाच्या. ही स्वस्त, पण हिची जुनी टोपी काढायची सुई नाजूक, वाकते. ही घे. अख्खी पुंगळी मापात आणते, जगातल्या कुठल्याही रॉबर्ट्सला बसेल. तेलाची डबी विसरू नकोस."

"नाही विसरत. आणि ते पुंगळीचं माप बघायचं नळकांडं दे. आत घातली की कळतं ना, लांब आहे की आखूड?"

"कळतं. पण डाय नीट बसवलीस तर लागणार नाही."

"दे," मार्लिस म्हणाली. "आणि पितळ नवीन दे. जुन्या पुंगळ्यांना मी हात लावणार नाही."

"चिठ्ठी लावू का फळ्यावर?"

"गप्प बस, विल्मर."

तिने भरली. तेलाचं बोट लावलं, दांडा ओढला, पुंगळी अलगद सुटून बाहेर आली. प्रत्येक पुंगळी त्या नळकांड्यात टाकून बघितली. आयुष्यभर ती एका रायफलीचं माप जपत आली होती. आता ती अशी काडतुसं करत होती, जी कुणाच्याही हातातल्या रॉबर्ट्सला चालली असती, आणि प्रत्येक भरताना तिला थोडी भीती वाटत होती.

काडतुसं टपालाने पाठवता येत नाहीत. शेजारच्या डोरीनचा नवरा बर्ट ट्रकने विलिस्टनला जायचा. त्याच्याकडे तिने खोकं दिलं, वर बटाट्याच्या लेफ्सेची, म्हणजे पातळ नॉर्वेजियन पोळ्यांची, चळत कागदात बांधून. कोल्टरला लेफ्से लोणी-साखर लावून आवडायची.

"काही निरोप?" बर्टने विचारलं.

मार्लिसने बराच विचार केला. "सांग, बोल्ट मिटेल."

"एवढंच?"

"एवढंच सांग. त्याला कळेल."

हंगाम उघडला, बर्फ पडला, हंगाम संपला. मधल्या रविवारी फोन आले. कोल्टर म्हणाला, लेफ्से पोचली. काडतुसांबद्दल तो काही बोलला नाही, तिलाही विचारायला जीभ उचलेना. थँक्सगिव्हिंगला ती डोरीनकडे जेवली. डोरीनची तिन्ही मुलं सुना-नातवंडांसह आली होती, आणि सगळे मार्लिसशी फार चांगलं वागत होते. ती लवकर घरी आली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्टचा ट्रक तिच्या दारात थांबला. त्याने कॉफीचा एक डबा आणि गोठवलेल्या हरणाच्या सॉसेजचं पुडकं तिच्या हातात दिलं. "म्हणाला, मिटला सांग."

"कोण मिटला?"

"मला काय ठाऊक? तुमची दोघांची काय भाषा चालते कुणास ठाऊक. मिटला, म्हणाला."

डबा हलवला तर आत खणखणलं.

तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर डबा उलटा केला. तोच वास आला. तिने चष्मा लावला आणि एक पुंगळी उलटी केली, मग दुसरी, मग तिसरी. आर्लोची रायफल गेली हे तिला माहीत होतं, तरी ती बघत राहिली. सुईचा ठसा प्रत्येक टोपीच्या अगदी मध्ये होता. स्वच्छ, गोल, जिथे असायला हवा तिथे. एकही सरकलेला नव्हता. तिच्या मुलाच्या रायफलीचा ठसा असा असतो, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

त्या रविवारी तिने रस्त्यांचं विचारलं नाही.

"नर होता?" ती म्हणाली.

"हो. मोठा नव्हता फार."

"एका गोळीत?"

"दोन. पहिली जरा मागे बसली." मग तो म्हणाला, "पण दुसरी पटकन घेता आली. गाल न हलवता."

मार्लिसने फोनची वायर बोटाला गुंडाळली. "तू कधी सांगितलं नाहीस मला. की त्रास होतो म्हणून."

"सांगितलं होतं, आई. आठवीत. तू दारू तोलत होतीस. म्हणालीस, सवय होईल."

तिला ते आठवत नव्हतं. कितीही खणलं तरी आठवेना, आणि आठवत नसण्याचंच तिला जास्त लागलं. "मग झाली सवय?"

"झाली ना," कोल्टर म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. "चांगली झाली. आता नव्या रायफलीवर पण हात आधी पलीकडेच जातो."

"नाताळला येतोस?"

"बघतो. त्या आठवड्यात शिफ्ट आहे. बघतो."

"पुंगळ्या भरून ठेवते."

"घाई नाही," तो म्हणाला. "पुढच्या हंगामाला चालतील."

फोन ठेवून ती टेबलाच्या खोलीत गेली. प्रेस होती तिथेच होती. पुंगळ्यांचा डबा तिने टेबलावर ठेवला, नवी डाय बसवली, तेलाची डबी उघडली. मग डबी मिटून ठेवली आणि जमिनीकडे बघितलं. पिवळी पट्टी इतक्या वर्षांत मळून लाकडाच्या रंगाची झाली होती. ती गुडघ्यावर बसली आणि नखाने तिचं टोक सोडवायला लागली. पट्टी एका ओढीत निघेना, तुकड्या-तुकड्याने येत राहिली. सुरी आणली, गरम पाण्याचं फडकं आणलं. पट्टी गेली. डिंकाची रेघ मात्र लाकडात मुरली होती, आणि रेघेच्या पलीकडे, दाराच्या बाजूला, दोन ठिकाणी लाकूड बुटांच्या टोकांनी घासून गुळगुळीत झालेलं होतं. दोन्ही खुणा एकमेकींना अगदी लागून. मोठ्या माणसाच्या बुटांना तेवढी जागा पुरली नसती.

तिने त्या खुणांवरूनही फडकं फिरवलं. खुणा गेल्या नाहीत. मग तिने स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणून प्रेसच्या टेबलापाशी, आपल्या डावीकडे ठेवली आणि पहिली पुंगळी हातात घेतली.